प्रश्न वाचकांचे : कृष्णऊर्जा ‘मोजतात’ म्हणजे नेमकं काय मोजतात?

गेल्या अंकात विश्वाच्या घटकांचं वर्तुळ छापलं होतं : कृष्णऊर्जा (विश्वाचं प्रसरण ढकलणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) ६८.५ टक्के, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य) २६.५ टक्के आणि तारे, वायू, तुम्ही-आम्ही मिळून साधं द्रव्य ५ टक्के. सगळ्यांत जास्त पत्रं त्या वर्तुळावरच आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जी दिसत नाही, पकडता येत नाही, तिचे टक्के दशांशापर्यंत कसे काय सांगता? कुठल्या प्रयोगशाळेत मोजली? (सातारा)

उत्तर : कुठल्याच नाही. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या जागेत जेवढी कृष्णऊर्जा मावते, तिचं वस्तुमान भरतं सुमारे ६ मिलिग्रॅम. नेपच्यूनच्या कक्षेएवढा गोल घेतला तरी ती सूर्याच्या वस्तुमानाच्या अब्जांशाचाही अब्जांश. त्यामुळे तराजूच काय, ग्रहांच्या गतीतही तिचा पत्ता लागत नाही. विश्व फुगतं तशी द्रव्याची घनता विरळ होत जाते, कृष्णऊर्जेची मात्र (निदान आजच्या सर्वांत साध्या समजुतीनुसार) तेवढीच राहते. म्हणून तिचा जोर दिसतो तो अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पट्ट्यावर.

मोजतात ती अंतरं. एखादी वस्तू किती दूर आहे, आणि तिचा प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पटींनी ताणलं गेलं, या दोन आकड्यांची जोडी. दुसरा आकडा वर्णपटातून थेट मिळतो, त्याला ताम्रसृती किंवा सरळ रेडशिफ्ट म्हणतात. रेडशिफ्ट ०.५ म्हणजे तेव्हापासून विश्व दीडपट झालं. अशा शेकडो जोड्या मांडल्या की प्रसरणाचा इतिहास दिसतो, आणि त्या इतिहासात किती द्रव्य आणि किती कृष्णऊर्जा घातली तर जमाखर्च जुळतो, ते पाहतात. ‘मोजली’पेक्षा ‘हिशेबात निघाली’ म्हणणं जास्त खरं आहे.

टक्के कशाचे, हेही एका पत्रात विचारलं आहे. प्रसरणाच्या आजच्या वेगावरून एक घनता निघते, तिला क्रांतिक घनता म्हणतात. घनमीटरला साधारण ५ प्रोटॉन एवढीच ती आहे. टक्के त्या घनतेचे.

प्रश्न : सुपरनोव्हावरून अंतर काढतात असं वाचलं. पण सगळे सुपरनोव्हा सारखेच तेजस्वी असतात हे कशावरून? (नाशिक, डोंबिवली)

उत्तर : सारखे नसतातच. गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

वापरतात ते ‘एक-ए’ प्रकारचे सुपरनोव्हा. यात श्वेत बटू ताऱ्याचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचा, अणुस्फोट होतो. या ताऱ्याचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या १.४ पटीच्या आसपास पोचलं की स्फोट होतो, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. ऐन भरात असा स्फोट ४ ते ५ अब्ज सूर्यांएवढा प्रकाश देतो. हा प्रकाश येतो स्फोटात बनलेल्या निकेल-५६ पासून. त्याचा अर्धायुकाल ६ दिवस, त्यापासून होणाऱ्या कोबाल्ट-५६चा ७७ दिवस. निकेल कमी-जास्त बनलं की तेज कमी-जास्त.

सुटका झाली ती १९९३मध्ये मार्क फिलिप्स यांनी दाखवलेल्या संबंधामुळे : जो सुपरनोव्हा जास्त तेजस्वी, तो सावकाश विझतो. कळसानंतरच्या १५ दिवसांत निळ्या प्रकाशातलं तेज किती प्रतींनी उतरलं ते मोजायचं. सर्वसाधारण सुपरनोव्हा १.१ प्रतीने उतरतो, फिक्या जातीचे १.९ पर्यंत. (प्रत म्हणजे तेजाची खगोलशास्त्रीय मोजपट्टी. आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी.) ही दुरुस्ती आणि रंगाची दुरुस्ती केली की सुपरनोव्हांमधला फरक ०.१५ प्रतीच्या आसपास येतो, म्हणजे अंतरात सुमारे ७ टक्के.

प्रत्यक्षात काम असं चालतं. अमावस्येच्या सुमारास आकाशाच्या ठरलेल्या पट्ट्यांची छायाचित्रं घ्यायची. तीन-एक आठवड्यांनी तेच पट्टे पुन्हा घ्यायचे आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरलेला ठिपका सुपरनोव्हा असू शकतो, लघुग्रह असू शकतो किंवा दीर्घिकेच्या केंद्रातली हालचाल. मोठ्या दुर्बिणीने वर्णपट घेऊन सिलिकॉनची शोषणरेषा दिसली, की ‘एक-ए’ची ओळख पटते. मग पुढचे दोन महिने दर काही रात्रींनी तेज मोजत राहायचं. इथेही ताणाचा हिशेब ठेवावा लागतो. रेडशिफ्ट ०.५ असलेला सुपरनोव्हा आपल्याला दीडपट सावकाश चढता-उतरताना दिसतो. तो दीड आधी भागून काढला नाही, तर तो ‘मंद विझणारा, म्हणून जास्त तेजस्वी’ ठरेल आणि अंतर चुकेल.

सगळ्यांत त्रास देते ती फिल्टरांची जुळणी. जवळच्या सुपरनोव्हाचा निळा प्रकाश निळ्या फिल्टरमधून मोजतात. रेडशिफ्ट ०.५ ला तोच प्रकाश ताणून ४४०० अँगस्ट्रॉमवरून ६६०० वर, म्हणजे तांबड्या फिल्टरमध्ये आलेला असतो. आता निळ्या आणि तांबड्या फिल्टरांची शून्यपातळी एकमेकींशी ०.०२ प्रतीने चुकली, तर ती चूक जशीच्या तशी विश्वाच्या इतिहासात शिरते. कृष्णऊर्जा आहे की नाही, एवढंच ठरवायला ०.०२ काहीच नाही. पण ती काळानुसार बदलते का, हे ठरवायला तेवढी चूक पुरेशी घातक आहे.

प्रश्न : हे गणित अकरावी-बारावीच्या मुलांकडून करून घेता येईल का? की महासंगणकच लागतो? (सांगलीच्या एक शिक्षिका)

उत्तर : कॅल्क्युलेटर आणि वहीचं एक पान पुरतं. सपाट (वक्रता नसलेलं) विश्व धरा, द्रव्य ०.३, कृष्णऊर्जा ०.७, आणि रेडशिफ्ट ०.५ पर्यंतचं अंतर काढा.

० ते ०.५ चे पाच सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचा मध्य घ्या : ०.०५, ०.१५, ०.२५, ०.३५, ०.४५. प्रत्येकात १ मिळवा, घन करा, ०.३ ने गुणा, ०.७ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने १ ला भागा. पहिल्या तुकड्याचं उत्तर ०.९७७ येईल, मग ०.९३०, ०.८८२, ०.८३४, ०.७८७. बेरीज ४.४१०. तुकड्याची रुंदी ०.१, म्हणून ०.४४१.

आता हेच केवळ द्रव्याच्या विश्वासाठी करा : ०.३ च्या जागी १, ०.७ च्या जागी ०. उत्तरं ०.९२९, ०.८११, ०.७१६, ०.६३८, ०.५७३. बेरजेला ०.१ ने गुणल्यावर ०.३६७.

दोन्हींचं गुणोत्तर १.२०. कृष्णऊर्जेच्या विश्वात तो सुपरनोव्हा २० टक्के जास्त दूर, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो म्हणून ३१ टक्के फिका. प्रतींमध्ये हा फरक ०.४०. प्रत्यक्ष अंतर हवं असेल तर ०.४४१ ला प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक (प्रसरणाचा आजचा वेग), म्हणजे २,९९,७९२ भागिले ७० = ४२८३ ने गुणा. १८८९ मेगापार्सेक येतात (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). तेजावरून निघणारं अंतर हवं असेल तर आणखी १.५ ने गुणायचं, कारण वाटेत प्रत्येक फोटॉनची ऊर्जा घटते आणि फोटॉन येण्याचा दरही मंदावतो. मुलं नेमकी हीच पायरी विसरतात. २८३३ ऐवजी १८८९ घेऊन पुढे गेलं, की सुपरनोव्हा जवळजवळ एका प्रतीने जास्त तेजस्वी असायला हवा असं उत्तर येतं.

वर्गात एक गोष्ट मुद्दाम दाखवा. गुणोत्तर काढताना ४२८३ कटून गेला. म्हणजे हबल स्थिरांक ७० की ७३, हे माहीत नसतानाही सुपरनोव्हा कृष्णऊर्जेबद्दल बोलू शकतात. १९९८मध्ये हबल स्थिरांकावर वाद चालू असूनही कृष्णऊर्जा आहे असा निकाल लागला तो त्यामुळेच.

तेव्हा खरी तुलना होती ती ‘३० टक्के द्रव्य आणि बाकी काही नाही’ अशा विश्वाशी. त्याला वक्रतेचं सूत्र वेगळं लागतं, आणि फरक ०.४० ऐवजी ०.२२ प्रत एवढाच उरतो. एका सुपरनोव्हाची अनिश्चितता ०.१५ असताना त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ४२ सुपरनोव्हांची सरासरी घेतली की अनिश्चितता ०.०२३ वर येते. सोल पर्लमटर यांच्या गटाकडे दूरचे ४२च सुपरनोव्हा होते. ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांच्या गटाकडे त्याहून कमी, तरी उत्तर तेच आलं. तिघांना २०११चं नोबेल मिळालं.

प्रश्न : मग ६८ की ७० टक्के हे सुपरनोव्हांनीच सांगितलं ना? (औरंगाबाद, पुणे, ठाणे)

उत्तर : एकट्यांनी नाही. द्रव्य प्रसरणाला ब्रेक लावतं, कृष्णऊर्जा ढकलते. दोन्ही एकदम वाढवली तर एकाचा परिणाम दुसरी बराचसा पुसते, आणि सुपरनोव्हांना फरक कळत नाही. १९९९मध्ये पर्लमटर यांच्या गटाने जे छापलं ते असं : द्रव्याचा ०.८ पट हिस्सा वजा कृष्णऊर्जेचा ०.६ पट हिस्सा बरोबर उणे ०.२, कमी-जास्त ०.१. एक समीकरण, दोन अज्ञातं.

दुसरं समीकरण महास्फोटानंतर ३,८०,००० वर्षांनी सुटलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणातून येतं. त्या तप्त द्रवात ध्वनिलहरी किती लांब पोचल्या होत्या ते भौतिकशास्त्रातून काढता येतं. आजच्या मापाने ती लांबी सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं. आकाशात तिचा कोन दिसतो ०.६ अंश, पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जरासा मोठा. पाया माहीत, कोन माहीत. त्रिकोण सपाट कागदावरचा असेल तर कोन एवढा, फुग्यावरचा असेल तर मोठा, खोगिरावरचा असेल तर लहान. अंटार्क्टिकावर उडवलेल्या बूमरँग या फुग्यावरच्या दुर्बिणीने २०००मध्ये उत्तर दिलं : सपाट. पुढे हेच प्रारण मोजणारा प्लँक उपग्रह आणि दीर्घिकांची मोजणी एकत्र करून वक्रता ०.०००७, कमी-जास्त ०.००१९ इतकी निघाली. सपाट म्हणजे सगळे हिस्से मिळून १.

आता शाळेतलीच एकसामयिक समीकरणं. द्रव्य क्ष, कृष्णऊर्जा य. ०.८क्ष − ०.६य = −०.२ आणि क्ष + य = १. सोडवा : क्ष ०.२९, य ०.७१. मूळ निकाल कागदाच्या एवढ्याशा तुकड्यावर मावतो.

तिसरी रेघ याच दोघांच्या छेदातून जाते का, हे पाहणं ही खरी परीक्षा. दीर्घिकागुच्छांमध्ये तापलेल्या वायूचं वजन क्ष-किरणांतून आणि एकूण वजन गुरुत्वातून मिळतं. साधं द्रव्य एकूण द्रव्याच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाएवढं निघतं. विश्वात साधं द्रव्य ५ टक्के आहे हे दुसरीकडून माहीत असल्यामुळे एकूण द्रव्य ३० टक्क्यांच्या आसपास. रेघ छेदातून जाते. १९९३मध्येच, म्हणजे सुपरनोव्हांच्या निकालाआधी पाच वर्षं, कोमा गुच्छावरून हा तर्क मांडला गेला होता. तेव्हा मात्र ‘उरलेले ७० टक्के गेले कुठे’ हा प्रश्न बऱ्याच जणांना अडचणीचा वाटत होता.

प्रश्न : मध्ये धूळ असेल म्हणून सुपरनोव्हा फिके दिसत असतील. डॉ. जयंत नारळीकरांनी असंच म्हटलं होतं ना? (कोल्हापूर)

उत्तर : हो. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२च्या सुमारास हा पर्याय गणितासह मांडला होता. साधी धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे ती रंगावरून पकडता येते आणि वजाही करता येते. त्यांनी सुचवलेल्या होत्या दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतल्या धातूंच्या सूक्ष्म सुया. त्या सगळे रंग सारखेच अडवतात, म्हणजे रंगाची परीक्षा तिथे चालत नाही. आक्षेप नेमका होता, आणि अशा आक्षेपांमुळेच पुढची मोजमापं जास्त काटेकोर झाली.

परीक्षा अशी झाली. धूळ असेल तर जितकं दूर तितकं फिकं, त्याला अंत नाही. कृष्णऊर्जेचं मात्र तसं नाही. सुमारे ६ अब्ज वर्षांपूर्वीच्या आधी द्रव्य दाट होतं आणि प्रसरण मंदावत होतं. त्यामुळे रेडशिफ्ट १ च्या पलीकडचे सुपरनोव्हा धुळीच्या अंदाजापेक्षा तेजस्वी दिसायला हवेत. हबल दुर्बिणीच्या चित्रांत सापडलेला, रेडशिफ्ट १.७ च्या आसपासचा १९९७-एफएफ, आणि त्यानंतरचे आणखी काही सुपरनोव्हा तसेच निघाले.

आणि दुसरी पद्धत तेज वापरतच नाही. वर सांगितलेल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही उरला आहे. दोन दीर्घिकांमधलं अंतर त्या ४८ कोटी प्रकाशवर्षांएवढं असण्याची शक्यता किंचित जास्त असते. हा उंचवटा जेमतेम टक्काभर, म्हणून तो दिसायला दीर्घिका हजारोंनी लागतात. २००५मध्ये स्लोन सर्वेक्षणाने ४६ हजारांवर दीर्घिकांमधून तो पकडला. ही पट्टी किती कोनात दिसते एवढंच मोजायचं. धूळ प्रकाश खाईल, कोन खाणार नाही.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ७३ टक्के, कुठे ७०, तुमच्याकडे ६८.५. खरं कोणतं? (गोवा, नागपूर)

उत्तर : ७३ हा डब्ल्यूमॅप उपग्रहाचा २००३चा आकडा. प्लँकने २०१३मध्ये ६८.३ दिला, आणि अंतिम विश्लेषणात ६८.५, कमी-जास्त ०.७. आम्ही तो छापला. पण पँथिऑन-प्लस या १५५० सुपरनोव्हांच्या संचातून ६६.६ येतो, कमी-जास्त १.८. डार्क एनर्जी सर्व्हे या प्रकल्पाच्या २०२४च्या सुपरनोव्हांतून ६४.८, आणि डेसी या सर्वेक्षणाच्या २०२५च्या दीर्घिका-मोजणीतून ७०.२. पूर्वी अनिश्चिततेच्या पट्ट्या रुंद होत्या म्हणून सगळे एकमेकांत बसायचे. आता पट्ट्या अरुंद झाल्या आणि ओढाताण दिसू लागली.

प्लँकच्या आकड्याची एक खुबी लक्षात ठेवा. त्याने खरं तर द्रव्याचा हिस्सा गुणिले हबल स्थिरांकाचा वर्ग (१०० हे एकक धरून) मोजला आहे, तो ०.१४३. स्थिरांक ६७.४ घेतला तर द्रव्य ३१.५ टक्के. जवळच्या ताऱ्यांवरून येणारा ७३ त्यात नुसता कोंबला तर द्रव्य २७ आणि कृष्णऊर्जा ७३ टक्के! अर्थात असं कोंबता येत नाही, कारण मग कोनाचं गणित बिघडतं. परिषदांमध्ये ‘हबल टेन्शन’ म्हणून ज्यावर भांडण चालतं ते हेच.

प्रश्न : कृष्णऊर्जा कमी होत चालली आहे अशी बातमी होती. टक्के बदलणार का? (बंगळूर)

उत्तर : टक्के तसेही बदलतात. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी द्रव्य आणि कृष्णऊर्जा निम्मे-निम्मे होते, रेडशिफ्ट १ ला कृष्णऊर्जा फक्त २१ टक्के. बातमी वेगळी आहे. तिची घनताच स्थिर नसावी अशी ती शंका. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर ४ मीटरच्या दुर्बिणीला ५००० प्रकाशतंतू जोडून डेसी एका वेळी हजारो दीर्घिकांचे वर्णपट घेते. मार्च २०२५मध्ये १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वासार मोजून त्यांनी हे म्हटलं. पण खात्री किती, हे सुपरनोव्हांचा कोणता संच जोडला त्यावर अवलंबून : २.८ ते ४.२ सिग्मा (सिग्मा म्हणजे खात्रीची मोजपट्टी, आकडा जितका मोठा तितकी योगायोगाची शक्यता कमी). शोध म्हणायला ५ लागतात. संच बदलला की निष्कर्षाची ताकद एवढी हलते, तेव्हा फिल्टरांच्या शून्यपातळीचा संशय आधी फेडायला हवा. घनता दर ताणाबरोबर अगदी हळू घटते असं धरलं (कृष्णऊर्जेचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर उणे १ ऐवजी उणे ०.९ केलं), तर रेडशिफ्ट ०.५ ला फरक पडतो ०.०३५ प्रत. वर म्हटलेली चूक ०.०२ची, आठवतंय ना? आजचे टक्के मात्र या खटल्याचा निकाल काहीही लागला तरी ६७ ते ६९च्या आसपासच राहतात.

प्रश्न : माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. मला यातलं काही करता येईल? (जुन्नर)

उत्तर : कृष्णऊर्जा नाही. रेडशिफ्ट ०.५ चा सुपरनोव्हा २३व्या प्रतीचा असतो. तुमच्या कॅमेऱ्याला नीट मोजता येईल असा, १६व्या प्रतीचा, साधारण ११५ मेगापार्सेकवर असेल. तिथे कृष्णऊर्जेने पडणारा फरक ०.०३ प्रत.

फिलिप्स यांचा संबंध मात्र स्वतः पडताळता येतो. एम-१०१ या दीर्घिकेमधला २०११चा सुपरनोव्हा १०व्या प्रतीपर्यंत चढला होता, एम-८२ मधला २०१४चा १०.५ पर्यंत. असा जवळचा ‘एक-ए’ जाहीर झाला की निळ्या (बी) आणि हिरव्या-पिवळ्या (व्ही) फिल्टरमधून प्रत्येकी २० वेळा, मिनिटाचं एक अशी छायाचित्रं घ्या आणि एकत्र करा. डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची) चित्रं त्याच रात्रीची हवीत. तुलनेचे तारे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सच्या नकाशांवरून निवडा, फार तांबडे टाळा. दुर्बीण क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असताना घेतलेलं मोजमाप टाकून द्या, तिथे निळा प्रकाश हवाच गिळते. सर्वांत मोठी चूक होते ती मागच्या दीर्घिकेचा उजेड सुपरनोव्हात मिसळून. सुपरनोव्हा विझत जातो तशी ही भेसळ वाढते आणि उतरण खोटी मंद दिसते. उपाय एकच : वर्षभराने, तो मावळल्यावर, त्याच फिल्टरमधून तीच जागा पुन्हा टिपा आणि जुन्या प्रत्येक चित्रातून वजा करा.

कळसाच्या आधी पाच-सहा रात्री आणि नंतर किमान पंधरा दिवस मिळाले तर आलेख कामाचा होतो. तुमच्याकडे जूनमध्ये सुपरनोव्हा उगवला तर पावसाळा तो धुऊन नेणार. तेव्हा डिसेंबर ते एप्रिलमधल्या घोषणांवर नजर ठेवा.